पालथी फाईल

१९९४ साल. मी पन्नास वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात शिपाई होतो. शिक्षण चौथी. पास की नापास ते विचारू नका, परीक्षेच्या दिवशी मी गुरं राखायला गेलो होतो. पण डॉक्टर झालेली आणि न झालेली कितीतरी मुलं माझ्या दारावरून आत गेली, तेव्हा या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, असं मी समजतो.

गाव माझं पार पूर्वेकडे, नागपूरच्या अलीकडे. पुण्यात आलो तो कारखान्यात लागायला, लागलो कॉलेजात. बिबवेवाडीत दोन खोल्या घेतल्या, तिथेच अजून आहे.

ट्रस्टच्या जुन्या माणसांनी एक नियम करून ठेवला होता. थोड्या जागा खेड्यातल्या मुलांसाठी. पाचवी ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेलं पाहिजे, शाळेचा आणि सरपंचाचा दाखला पाहिजे, बारावीचे मार्क पाहिजेत, आणि शेवटी मुलाखत. खेड्यातलं पोर डॉक्टर झालं तर खेड्यात परत जाईल, असा हेतू. हेतूला मी नावं ठेवत नाही. पण त्या वर्षांत शहरात नवा पैसा आला होता. ज्याच्या त्याच्या दारात नवी गाडी, घरात फोन. दाखलाही विकत मिळू लागला होता. डेक्कनवर वाढलेली मुलं कागदावर मावळातली निघायची.

मुलाखत घेणारे मोठे डॉक्टर तीन पिढ्या सदाशिव पेठेत राहिलेले. ज्वारी-बाजरी त्यांना भाकरीवरून ओळखू यायची, शेतात नाही, आणि हे ते स्वतःच सांगत. एकदा मला म्हणाले, "अहो, हे सगळे दाखले खरे दिसताहेत. इतके खरे की संशय येतो. तुम्ही खेड्यातले. खरा कोण ते तुम्हाला कळतं का?"

"तोंड बघून कळतं."

"तोंड आम्हीही बघतो. आम्हाला फक्त दात दिसतात."

मग मी त्यांना माझी रीत सांगितली. बाहेर बाकावर पोर बसलं की मी स्टुलावरून सहज विचारायचं, घरी बैल किती, नावं काय. गावचं पोर असेल तर बैलाचं नाव घेताना त्याचा चेहरा उजळतो. शहरातलं असेल तर ते आधी आईकडे बघतं. सर हसले, पण त्यांना पटलं. मग असं ठरलं की उमेदवाराची फाईल मी आत नेऊन टेबलावर ठेवायची. खरा असेल तर सरळ, नसेल तर पालथी. याची कुठे नोंद नव्हती. समितीतल्या बाकीच्यांनाही माहीत नव्हतं. चार वर्षं हे चाललं. चौथी शिकलेला माणूस डॉक्टर निवडतो, याचा मला गर्व होता. होता म्हणजे होता.

त्या वर्षी एक मुलगा आला. गोरा, चष्मेवाला. मी विचारायच्या आत माझ्याशेजारी येऊन बसला.

"सर्जा आणि राजा," तो म्हणाला. "राजा मारका आहे, काका. हे बघा." बाही वर करून कोपराजवळचा व्रण दाखवला. मी त्यावरून बोटसुद्धा फिरवलं. फाईल सरळ ठेवली.

त्याच्यानंतर एक मुलगी. एकटीच आली होती. कडक इस्त्रीचा ड्रेस, चापून घातलेली वेणी, कागदांची पिशवी मांडीवर.

"घरी बैल किती?"

"नाहीत."

"विकले?"

"नव्हतेच."

"गाय? म्हैस?"

"नाही."

"बरं, शेळी तरी?"

"नाही."

चारही वेळा ती माझ्याकडे सरळ बघून बोलली. ना लाजली, ना आजूबाजूला बघितलं. मला ते उर्मट वाटलं. गाव म्हणजे शेत, शेत म्हणजे बैल, आणि दावणीला काहीच नाही म्हणजे घर शहरातलं, असा माझा हिशोब. बाप काय करतो, एवढं एक विचारायला काय लागत होतं? नाही विचारलं. तिची फाईल मी पालथी ठेवली. बाकीची मुलं आत पंधरा-पंधरा मिनिटं असत. ती पाचव्या मिनिटाला बाहेर आली.

चार दिवसांनी दुपारी यादी लागली. चष्मेवाल्याचं नाव होतं. तो पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडला.

"घ्या काका, तुमच्या बैलांचे पेढे."

"माझ्या कशाचे?"

"अहो, आमच्या क्लासमध्ये सगळ्यांना माहितीये. खरा इंटरव्ह्यू बाहेर स्टुलापाशी होतो. नावं पाठ करून जायची. सर्जा-राजा कॉमन आहे, पण सेफ."

"आणि तो व्रण?"

"मोपेड घसरली होती." तो मोकळेपणानं हसला. त्याच्या मनात काही कपट नव्हतं हो. मला सगळं ठाऊकच असेल, असं तो धरून चालला होता. पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

तासाभरात एक माणूस आला. डोक्याला मळका पटका, बोटं जागोजागी फुटलेली, नखांत पांढरी भुकटी. यादीसमोर बराच वेळ उभा होता. मग माझ्याकडे वळला आणि मुलीचं नाव सांगून म्हणाला, "माझी पोरगी. यादीत न्हाय ती."

"मग नसेल."

"न्हाय तर न्हाय. पर पोरीनं पुस्तकं बांधून ठिवली. म्हणती, मीच कायतरी चुकीचं बोलले. आता फुडं कुठं अर्ज करायचा न्हाय म्हणती. सायेब, तुम्ही दाराशीच आसता. काय चुकलं तिचं, तेवढं सांगा. फुडच्या टायमाला तसं बोलू नगं म्हणून सांगतो तिला."

माझ्या तोंडून निघालं, "तुमच्याकडे बैल नाहीत?"

"बैल?" त्याला प्रश्नच कळेना. "आमी पाथरवट. पाटं-वरवंटं घडवतो, जात्याला टाकी लावत गावं हिंडतो. आता मिक्सर आलं, पाटा कोण घेतंय? बैल कशाला आसतील? दगुड वाहायला एक गाढव हुतं, ते बी मेलं पोळ्याच्या आधी."

गाय, म्हैस, शेळी मी विचारली होती. गाढव मला सुचलं नव्हतं.

मी म्हणालो, "मार्क कमी पडले असतील."

"तिचं मास्तर तर म्हणत्यात लई हायेत."

"मग मला माहीत नाही. मी शिपाई माणूस."

स्वतःविषयी असं बोलायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. त्यानं मान डोलावली. उद्या सकाळी सातच्या गाडीनं स्वारगेटवरून दोघं गावी जाणार, असं मी न विचारताच सांगितलं, आणि गेला.

यादी पुढे बदलली नाही, हे आधीच सांगून टाकतो. फाईल कशीही ठेवली तरी निर्णय समितीचाच असतो, असं सरांचं म्हणणं पडलं. महिनाभरात माझी बदली झाली ती मुलं जिथे प्रेतं फाडून शिकतात त्या हॉलवर. चष्मेवाला तिथे रोज दिसायचा, रोज "काका, कसे आहात" विचारायचा. मुलगा चांगला होता, हात साफ होता. पण त्याच्या शेजारी एक जागा मला मोकळी दिसायची. बाकीची मुलं दाटीवाटीनं उभी असायची, तरी मला दिसायची. मी एकदा तिथलं स्टूल उचलून बाहेर नेऊन ठेवलं. जागा दिसायची थांबली नाही. मुलीचं पुढे काय झालं, मला आजवर कळलेलं नाही. आता दवाखान्यात पन्नाशीच्या आसपासची डॉक्टरीण माझी नाडी बघायला लागली की मी तिचं गाव विचारतो. माझा मुलगा ओरडतो, "बाबा, त्यांना काम करू द्या." मी ऐकत नाही. आणि दुसऱ्याच गावाचं नाव आलं की हात काढून घेतो.

यादी लागली त्या संध्याकाळी घरी आलो तर जेवण जाईना. बायकोनं खोदून खोदून विचारलं, मग सगळं सांगितलं. माझी चूक नाही, असं ती म्हणेल अशी आशा होती.

ती म्हणाली, "लोकांच्या दावणी मोजता. तुमच्या घरी तरी जोडी होती का? एक बैल तुमचा अन् एक चुलत्याचा. सावडीवर नांगर चालायचा तुमचा. माझ्या बापानं लग्नाआधी सगळी चौकशी केली होती."

"ते वेगळं."

"काय वेगळं? तुम्हाला कोणी विचारलं असतं तर किती बैल सांगितले असते?"

मी दोन सांगितले असते. आयुष्यभर दोनच सांगत आलो होतो. कूस बदलत रात्र काढली. डोळा लागला की कोणीतरी जवळ बसून एकेक शब्द बोलायचं. नाही. नव्हतेच. नाही.

सकाळी पाण्याचा घोट न घेता स्वारगेटला गेलो. गाडी लागलेली होती. मुलगी खिडकीशी होती, बाप पलीकडे. मी बाहेरून खिडकीची दांडी धरली.

"पोरी, तू काही चुकीचं बोलली नाहीस. चूक माझी आहे." आणि बैलांपासून पालथ्या फाईलपर्यंत सगळं सांगितलं. मागच्या सीटवरची माणसं ऐकत होती. ऐकू दिलं.

मुलगी माझ्याकडे बघत होती, त्या दिवशीसारखीच.

"म्हणजे मी बोलले ते बरोबर होतं?"

"सगळं बरोबर होतं. पुस्तकं सोड."

"हे तुम्ही आत सांगितलं का? त्या डॉक्टरांना?"

"नाही अजून."

"मग मला कशाला सांगायला आलात?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी दांडी सोडली.

तिथून पायीच कॉलेजात गेलो. सर नऊला आले. रोज मी त्यांची बॅग घेऊन मागून चालायचो. त्या दिवशी घेतली नाही. त्यांच्यामागोमाग केबिनमध्ये गेलो, दार लावून घेतलं आणि समोरची खुर्ची ओढून बसलो.

"काय हो, आज प्रवेश तुम्हाला हवाय की काय?" सर म्हणाले.

"सर, गंमत नंतर करा," मी म्हणालो, आणि सांगायला सुरुवात केली.