गाळून घेतलेलं सूप

अंडं पुन्हा गोळा झालं. बाइंडरनं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि चमचा ओट्यावर आदळला. आहारतज्ज्ञ बाईंनी काय सांगितलं होतं? उकळत्या पाण्यात फेटलेलं अंडं बारीक धारेनं सोडा, हळूहळू ढवळत राहा, रेशमासारखे धागे होतील. रेशीम म्हणे! इथं तळाला पांढरेपिवळे गठ्ठे बसले होते आणि वर नुसता फेस. कोबीच्या पानांचे तुकडे त्या फेसात बिचारे गुदमरल्यासारखे तरंगत होते.

"अहो, झालं का?" आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं.

"होतंय! गाडी पकडायचीय का तुला?" तो खेकसला आणि लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं. आजारी माणसावर खेकसून काय मिळतं? पण डोकं फिरलं की त्याचा जिभेवर ताबा राहत नसे, आणि हल्ली डोकं सकाळपासूनच फिरलेलं असे.

बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारा माणूस. त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, पोस्टमनसुद्धा "बाइंडर, पत्र!" अशीच हाक मारायचा. पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. कागद कापायचं यंत्र, दाबायचा लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची थप्पी आणि खिडकीशी बायकोची बसायची जागा. तो कापायचा, ती दुमडलेल्या छापील पानांच्या जुड्या, म्हणजे फर्मे, शिवायची. लग्न झाल्यापासून दोघांचं असंच चाललं होतं. तिच्या हातची शिवण इतकी घट्ट, की पुस्तक फाटेल पण शिवण सुटणार नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तिला मात्र कधी सांगितलं नाही.

मग तिचं पोट बिघडलं. आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पोटच ते, बिघडायचंच. पण पोट काही ठिकाणावर येईना. ती वाळत चालली, केस गळायला लागले, जिना चढताना कठड्याला धरून उभी राहू लागली. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू, मैदा, रवा, कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. शिवाय रक्तात साखर वाढलेली, म्हणून भात नको, बटाटा नको, गोड नको. "मग खायचं काय, हवा?" बाइंडरनं विचारलं होतं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं आणि बाईंनी हे सूप सांगितलं. आलं, लसूण, मिरी, थोडा कोबी आणि अंडं. स्वस्त, सोपं, पचायला हलकं. सोपं! एकदा स्वतः करून दाखवा म्हणावं.

घरी आल्या आल्या त्यानं स्वयंपाकघर साफ केलं. पाव शेजारी देऊन टाकला, रव्याचा डबा रिकामा केला, कणीक गेली, शेवया गेल्या. माणूस अर्धवट काम करणारा नव्हे. मैद्याचा मोठा डबा तेवढा उचलून पुढच्या खोलीत कामाच्या टेबलाखाली ठेवला, कारण मैदा हा काही खाण्याचा जिन्नस नव्हता, तो पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा माल होता. खळ लागत होती रोज. शाळांच्या रजिस्टरांचं काम हातात होतं आणि विकतच्या डिंकावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

या सगळ्यावर कडी म्हणजे बायकोची थोरली बहीण. ताई दर रविवारी यायची आणि धाकटीकडे बघून डोळे पुसायची. गेल्या खेपेला तिनं डोळे पुसले नाहीत, सरळ बोलली. "भाऊजी, तुम्ही काम बघणार की हिला बघणार? माझ्याकडे दोन सुना आहेत, हाताशी माणसं आहेत. महिनाअखेर काट्यावर वजन चढलं नाही तर मी हिला घेऊन जाणार."

"ती काय वस्तू आहे घेऊन जायला?"

"वस्तू असती तर तुम्ही जपली असती," ताई म्हणाली.

हे त्याला फार लागलं. रात्री जेवण गेलं नाही. बायको गेली तर या घरात तो कुणावर खेकसणार, कुणाशी बोलणार? रिकाम्या खिडकीकडे बघत काम करायचं म्हणजे हात तुटल्यासारखंच की. नाही. वजन चढलंच पाहिजे. सूप जमलंच पाहिजे.

आणि सूप तर हे असं! पहिले काही दिवस ती बिचारी गठ्ठे बाजूला काढून नुसतं पाणी प्यायची. पोट जरा शांत होतं, पण पाण्यानं वजन थोडंच वाढतं?

गठ्ठ्यांकडे बघता बघता एका सकाळी त्याच्या डोक्यात आलं, अरे, गुठळ्या! गुठळ्यांशी तर आपलं जन्माचं वैर. मैदा पाण्यात कालवला की गुठळ्या होतातच, म्हणून तर खळ शिजवायच्या आधी गाळायची. आणि गाळणी कुठली? आपली ती पितळी कडीची, बारीक जाळीची. चहाच्या गाळणीसारखं फालतू काम नाही. तो उठला, गाळणी बाहेरच्या नळाखाली खसाखसा धुतली, दोनदा धुतली आणि उकळत्या पातेल्यावर धरून फेटलेलं अंडं तिच्यातून गाळलं. पांढऱ्याचे चिकट तंतू जाळीवर राहिले, खाली एकसारखं पिवळं, पातळ, तेलासारखं वाहतं अंडं आलं. ते बारीक धारेनं पाण्यात पडत गेलं.

धागे झाले! खरेखुरे, लांबच लांब, पाण्यात झुलणारे. बाइंडर ओट्यापाशी एकटाच हसला. वाटी घेऊन तो धावत आत गेला, अर्धं सूप वाटेत सांडलं.

"अगंबाई," बायको म्हणाली. "तुम्ही केलंत?"

"नाही, शेजारचे साहेब येऊन करून गेले. पी आता."

तिनं वाटी चाटूनपुसून संपवली. कितीतरी दिवसांनी संपवली. आणखी आहे का, असंही विचारलं. त्यानं त्या दिवशी काम करताना शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट पुन्हा बिघडलं.

होतं कधीकधी, असं म्हणून त्यानं सूप चालू ठेवलं. सकाळी गाळून, संध्याकाळी गाळून. सूप दिवसेंदिवस सुरेख होत गेलं आणि बायको दिवसेंदिवस आडवी होत गेली. त्याला काही केल्या समजेना. घालतोय काय आपण? कोबी बदलला. अंडी दुसऱ्या दुकानातून आणली. मग चवीला घालायला हल्लीच आणलेल्या सॉसच्या बाटलीवर त्याची नजर गेली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, गहू. "सापडला चोर!" म्हणत त्यानं बाटली कचऱ्यात भिरकावली आणि दोन दिवस वाट पाहिली. पोट जिथल्या तिथं. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर ती उभी राहिली तेव्हा काटा वर जायचा सोडून खाली गेला होता. दुकानदार दुसरीकडे बघायला लागला.

माणूस असा कोंडीत सापडला की त्याला कुणीतरी गुन्हेगार लागतो. बाइंडरला तो बायकोच्या पिशवीत सापडला. बिस्किटांचा अर्धा पुडा, वरून दुमडून नीट ठेवलेला.

"हे काय आहे?"

"कागद टाकून जातो ना तो म्हातारा, त्याला देते चहाबरोबर. कधीपासून देते. तुम्हाला माहीत नाही?"

"मला काय माहीत! मी इथं अंडी फोडून फोडून जीव काढतोय आणि तू..."

"मी खाल्लेलं नाही."

"मग पोट काय आपोआप बिघडतं?"

"मी नाही खाल्लं हो," ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे त्याचा आणखीच चढला.

एवढ्यावर राहिलं असतं तरी भागलं असतं. पण रविवारी ताई आली, तिनं धाकटीची हाडं बघून तोंड उघडलं, आणि ती काही बोलायच्या आत बाइंडरनं आपली बाजू मांडून टाकली. "मला बोलण्याआधी बहिणीला विचारा. चोरून बिस्किटं खाते. मी माझं सगळं केलंय."

ताईनं बहिणीकडे पाहिलं. "खरं का गं? अगं, लहान आहेस का तू? जिवाशी खेळ चाललाय इथं!"

बायकोनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ताई गेल्यावरही तशीच राहिली. त्यानं संध्याकाळी सूप नेलं, तिनं मुकाट्यानं प्यायलं. "छान झालंय," सुद्धा म्हणाली नाही. बाइंडरला वाटलं, पकडली गेली म्हणून गप्प आहे. पण बरोबर ठरूनही त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दिवसभर तो कात्रीवर, पुठ्ठ्यावर, रस्त्यावरच्या हॉर्नवर चिडत राहिला.

त्या आठवड्यात एका दुपारी पाणी गेलं. नळ कोरडा ठक्क. खळ गाळून झाली होती, गाळणी धुवायची राहिली होती, आणि थोड्या वेळानं सूप करायचं होतं. "हे आणखी एक!" असं म्हणत त्यानं पिंपातलं थोडं पाणी गरम केलं आणि समोर होती ती बायकोची सुपाची वाटी घेतली. गाळणी तिच्यात बुडवून ठेवली आणि पुठ्ठा मापायला गेला.

परत आला तर वाटीतलं पाणी पांढरं झालं होतं. दुधासारखं नव्हे, पातळ ताकासारखं. त्यानं ते ओतलं, दुसरं गरम पाणी घेतलं. तेही पांढरट झालं. तिसऱ्यांदाही वाटीच्या तळाशी बोटाला बुळबुळीत लागलं. त्यानं गाळणी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. जाळीच्या कडेला, पितळी कडीच्या खाली, वाळलेल्या खळीचा थर बसला होता. गार पाण्यानं तो कधीच निघाला नव्हता. निघत होता तो गरम लागलं की, रोज थोडाथोडा, आणि पातेल्यावर धरलेल्या गाळणीला खालून वाफ लागत होती, सकाळ-संध्याकाळ.

बाइंडर खिडकीतल्या तिच्या स्टुलावर बसला.

खळीत मोरचूद घालताना तो केवढी काळजी घ्यायचा! कीड लागू नये म्हणून घालायचं ते निळं विष, ते त्यानं कधी घरात शिजवलं नाही. खळ निवल्यावर, बाहेर गॅलरीत, वेगळ्या डब्यात, वेगळ्या काडीनं. घरात विष नको, ही त्याची शिस्त. आणि मैदा? मैद्याच्या डब्याला तर टेबलाखाली रोज त्याचा पाय लागायचा. त्याच्या हातांना मैदा होता, टॉवेलला होता, खिडकीच्या जाळीवर, तिच्या उशीच्या अभ्र्यावरसुद्धा असेल. कणभरसुद्धा नको, डॉक्टर म्हणाले होते. आणि हा गाढव पोतंभर मैद्यात बसून बायकोच्या पिशव्या तपासत होता!

गप्प बसावं, असं त्याच्या मनात आलं. आलं, खोटं कशाला सांगायचं. नवी गाळणी आणावी, डबा फेकावा, पोट हळूहळू सुधारेल, कुणाला कळणार आहे? वजन चढेल, ताई एकटीच परत जाईल, सगळं मिटेल. पण मग बिस्किटांचं काय? ते तिच्या नावावर कायमचं राहणार.

तो गाळणी तशीच हातात घेऊन आत गेला.

"अगं," तो म्हणाला. "तू बिस्किटं खाल्ली नव्हतीस."

"मी तेच म्हणत होते."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं गाळणी हातात घेतली, जाळीवर नख फिरवलं, नखाखाली पांढरं आलं तिकडे पाहिलं. ती रडेल, चिडेल, गाळणी फेकून मारेल असं त्याला वाटलं. तिनं फोन त्याच्यापुढे सरकवला. "ताईला सांगा."

"सांगतो ना, रविवारी येईल तेव्हा..."

"आत्ता. तिच्यासमोर बोललात तसंच बोला."

त्यानं फोन लावला. पलीकडे ताईच्या घरात भांड्यांचा आवाज, सुनांची बडबड. "बोला भाऊजी, आता काय नवीन?"

"ती बिस्किटं खात नव्हती."

"मग?"

"मीच देत होतो. गहू. सुपातून. मला कळलं नाही." एवढं बोलून तो एकदम म्हणाला, "तुम्ही हिला घेऊन जा ताई. या घरात सगळीकडे मैदा आहे. मी सगळं घासून काढेपर्यंत तरी न्या."

मग ताई म्हणाली, "थोरल्याला गाडी घेऊन पाठवते," आणि फोन ठेवला. एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

बायको उठून कपाटातून कपडे काढायला लागली. दोन साड्या, औषधं, चष्मा. तो स्वयंपाकघरात गेला. नवं पातेलं काढलं, तेही उकळत्या पाण्यानं धुतलं, हात कोपरापर्यंत साबणानं चोळले, आलं ठेचलं, अंडं काट्यानंच फेटलं. गठ्ठे झाले तर झाले. दोन तासांचा रस्ता आहे, काहीतरी पोटात असावं.

ती दारात येऊन उभी राहिली.

"काय करताय?"

"सूप. गाळत नाहीये. बघ, गाळणी तिकडं बाहेर टाकलीय."

"नको."

"अगं, सगळं धुतलंय. हात बघ माझे."

"दिसतंय. पण नको."

"चिडलीस ना? चीड. हक्क आहे तुझा."

"चिडले होते, बिस्किटांवरून. तुम्ही फोन केलात, तो राग गेला." तिनं त्या फेटलेल्या अंड्याकडे पाहिलं. "आता भीती वाटते हो. तुमच्या हातचं खायची."

राग असता तर त्यानं समजूत काढली असती, इतकी वर्षं तेच करत आला होता. ही भीती होती. त्यानं गॅस बंद केला, हात पुसायला टॉवेल उचलला, तो परत ठेवून दिला, आणि ओल्या हातानंच तिची बॅग जिन्यापर्यंत नेऊन ठेवली.