कचेरीच्या बाकावर जाळं

चांद्याच्या कचेरीतल्या बाकावर तो रोज फाटकं जाळं सांधत बसलेला असे. तळ्यात मासे धरणारा ढीवर असावा, अंगाला तळ्याचा वास होता. नाव मी कधी विचारलं नाही.

मी नवा डॉक्टर. तळ्याकाठच्या एका गावात हत्तीपायाचा अभ्यास करायचा, घरोघरी लोकांचं रक्त तपासायचं, म्हणून परवानगी मागत होतो. जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. परवानगी नागपूरने द्यायची की मुंबईने, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. एक साहेब दुसऱ्याकडे धाडी, दुसरा पुन्हा पहिल्याकडे. मी बाहेर आलो की तो जाळं आवरून मला जागा करून देई आणि पुन्हा सुई चालवू लागे.

एकदा मीच विचारलं, "तुमचं काय काम अडलंय?"

"आमच्या गावचं रगत काढाले कोनी येऊन राह्यलं म्हंते," तो म्हणाला. "त्याले नाई म्हनाले परवानगी लागते का जी? इथी कोनी सांगूनच नाई राह्यलं."

मी गडबडलो. "नाही लागत," एवढंच सुचलं.

त्याने दोरा दातांनी तोडला, जाळं खांद्यावर टाकलं. "मंग आमचं गाव नाई म्हंते, डाक्टरसाहेब."

मी डॉक्टर आहे, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

तो फाटकाबाहेर गेला, आणि आतून शिपायाने हाक दिली. माझी मंजुरी आली होती. मी उठलो आणि पुन्हा बसलो. आता साहेबाचं 'हो' धरायचं की त्याचं 'नाई', ते कळेना.