पोच्यासकट

खामगावच्या सराफ्यात आमचे एक चांदीचे कारागीर आहेत. मोडीला आलेलं भांडं ते लगेच भट्टीत टाकत नाहीत. आधी कानामागची पेन्सिल काढून त्याचं चित्र काढतात. गिऱ्हाईक चुळबुळ करतं, पण यांच्यावर ढिम्म परिणाम होत नाही.

आईचं चांदीचं फुलपात्र घेऊन गेले, तेव्हा मीही वैतागले. "काका, वितळवायचंच आहे ना? मग चित्र कशाला?"

"थांबा नं ताई. मंग कोनाले दिसनार हाय हे?" बुडावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हा पोचा कायनं पडला?"

"आई त्यानं वेलदोडे कुटायची."

ते खुदकन हसले आणि तो पोचा हलक्या हातानं कागदावर उतरवू लागले. इतकी वर्षं घरात असून मी तो नीट पाहिला, तो त्या कागदावरच.

आठवड्यानं नवं फुलपात्र मिळालं. काम इतकं सुबक होतं, की मीच म्हटलं, "काका, याचंही चित्र काढा की!"

त्यांचा हात कानाकडे गेलासुद्धा नाही.

"याचं काय काढू? वापरा आधी. पोचा पडला की आना."

घरी आल्याबरोबर मी वेलदोड्यांची डबी काढली.