पत्ती ओली होईपर्यंत

जगात कुणी कुणाला अनोळखी राहता कामा नये, ही जबाबदारी परमेश्वराने एकट्या माझ्या दाजींवर सोपवली आहे, असं माझं पक्कं मत आहे. दाजींचं तर आहेच आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मंचरला, मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. एका बाजूला कांद्याची वखार, दुसऱ्या बाजूला खताचं दुकान आणि मधल्या बोळकांडीत आमचे दाजी, पांढरा शर्ट, वरचं बटण गळ्याशी आवळलेलं, जगातल्या उगवत्या कलाकारांची ओळख करून द्यायला सज्ज. गाजलेली गाणी त्यांनी मागच्या फळीवर ठेवली होती. कुणी मागितलीच तर तोंड पाडून काढून द्यायचे. म्हणायचे, "जुन्याला कोण बी वळखतं, पावणं. नव्याची वळख करून द्यायला मानूस लागतो." हा माणूस म्हणजे अर्थातच ते स्वतः.

हे नवे लोक कोण? तर मुंबईच्या कुठल्याशा होलसेलवाल्याकडून पोत्याने येणाऱ्या, कुणी न घेतलेल्या परदेशी कॅसेटींवरचे बँड. पॉप, फंक, जॅझ, जे हाताला लागेल ते. मी जुन्नरला शाळेत चित्रकला शिकवायचो. रविवारी ताईकडे जरा पाठ टेकावी म्हणून यायचो, तर चहाच्या आधी दाजी माझ्या हातात ब्रश द्यायचे. दुकानाबाहेर 'आजची ओळख' अशी पाटी असायची आणि तिच्यावर ते सांगतील तो मजकूर मी रंगवायचा. 'फंक. परदेशी. सहा जण. घाई नसलेल्यांनी आत यावे.' घाई नसलेले लोक मंचरला खूप. बटाट्याची गाडी लिलावाला लागेपर्यंत ड्रायव्हर आणि शेतकरी दोघेही दाजींच्या बाकावर येऊन बसत आणि फंक ऐकत. फंक म्हणजे काय, हेही दाजी त्यांना समजावत. "बैलगाडीचं चाक खड्ड्यात जातंय न जातंय तवर बैल हिसका मारून बाहेर काढत्यात. तवा मानंला झटका बसतो का न्हाई? त्यो फंक." आणि जॅझ? "भजनात पेटीवाला रुसून भलतीकडंच निघून जातो आन अभंग संपायच्या आत घरी येतो, त्ये जॅझ." पॉपबद्दल मात्र त्यांचं मत माफक होतं. "पॉप म्हंजे गोडाचा शिरा. कुनालाबी आवडतो. त्याची दोन वाक्यात वळख पुरं." दोन वाक्यं हे दाजींच्या लेखी अपमानाचं माप होतं, हे ध्यानात ठेवा.

कारण आमच्याकडे माणसाची ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. गाव कुठलं, आजोळ कुठलं, कुणाचा जावई, भाऊ काय करतो, हे सगळं झाल्याशिवाय माणूस ओटीवर बसत नाही. लग्नात माइकवरून आलेल्या पाहुण्यांची नावं घेतात तीही याच थाटात. दाजी लग्नांना हौसेने माइक धरायचे, त्यामुळे ती रीत त्यांच्या हाडीमाशी मुरली होती. ती त्यांनी थेट अमेरिकेला लावली. "ह्यो कर्णेवाला तीन भावांतला मधला. थोरला शेती बघतो." मी म्हणालो, "दाजी, हे कुठं लिहिलंय?" त्यांनी कॅसेटचं कव्हर माझ्या नाकासमोर धरलं. "त्वांड बघा की राव. मधल्याचंच हाय. आन थोरला शेती बघत नसता, तर ह्याला वाजवायला सवड कुनी दिली असती?" मी पाटीवर 'तीन भावांतला मधला' असं रंगवून टाकलं.

एकदा एक म्हातारे गृहस्थ आईच्या दशक्रियेला लावायला भजनाची कॅसेट मागत आले. दाजींच्या हाती नेमकी एका गोऱ्या मुलखातल्या काळ्या गायिकेची नवी कॅसेट होती. बाई नुसती काळजातून गायची. "नेऊन तर बघा," म्हणाले, आणि अर्धा तास ओळख करून दिली. म्हातारबुवा चौथ्या दिवशी परत आले. मी तेव्हा तिथेच पाटी रंगवत होतो. म्हटलं, आता दाजींचा उद्धार होतोय. पण म्हातारबुवा हात जोडून म्हणाले, "लई बरं वाटलं बगा सगळ्यांना. पर पावणी मंडळी इचारत व्हती, येवढी रडतीया ती कोन? म्हातारीच्या म्हायेरची का?" दाजी शांतपणे म्हणाले, "तसंच समजा." कॅसेट म्हातारबुवांनी परत दिली नाही. पुढे वर्षश्राद्धालाही तीच लावली म्हणे.

पण परदेशी बँडची ओळख करून देण्यात एक उणीव होती. ते समोर नसत. आपल्याविषयी एवढं बोललं जातंय आणि आपण खाली मान घालून उभे आहोत, हे दृश्य दाजींना हवं होतं. ते त्यांना सोमाने दिलं.

सोमा भीमाशंकरच्या बाजूचा. डोंगरात थोडी भाताची खाचरं आणि लग्नसराईत खाली येऊन बँडमध्ये क्लॅरिनेट. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, बोलणं जवळजवळ नाहीच. एका लग्नात बाकीचा बँड जेवायला बसला असता हा पठ्ठ्या मांडवामागे एकटाच काहीतरी वाजवत होता. दाजी पानावरून उठले आणि खरकट्या हाताने तिथे जाऊन उभे राहिले. सूर भलतीकडे निघून गेला आणि वेळेवर घरी आला. दाजींच्या डोळ्यांत पाणी! "ह्ये कुनी शिकवलं?" त्यांनी विचारलं. सोमा म्हणाला, "कुनी न्हाई. चालून चालून कट्टाळा आला का वाजवतो." मग पायाकडे बघत म्हणाला, "दाजी, लोकं बसून ऐकत्यात का वो कुठं? मी आजवर चालतच वाजवलंय."

झालं! सोमासमोर माणसं बसवायची, एवढाच दाजींचा ध्यास झाला. त्यांनी त्याला एक हलगीवाला जोडून दिला, एक कॅसिओवाला जोडून दिला, आणि मंचरपासून घोडेगावपर्यंत जिथे चार माणसं बसलेली दिसतील तिथे हा बँड उभा करू लागले. साखरपुडा, ट्रॅक्टरची पूजा, पतसंस्थेची सभा, काही वर्ज्य नाही. आधी दाजींची ओळख, मग वाजवणं. ओळख अर्ध्या तासाची, वाजवणं त्याच्या निम्मं. कारण तोवर माणसं उठलेली असत. घोडेगावला तर ओळख चालू असताना बारसं झालेलं बाळ रांगायला लागलं, असं मी ताईला सांगितलं, आणि ताई आठवडाभर हसत होती.

तिघांनी या ओळखीशी आपापला संसार जमवून घेतला होता. क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची एक पातळ पत्ती असते. ती ओली झाल्याशिवाय सूर नीट लागत नाही. दाजींनी माइक धरला की सोमा पत्ती जिभेवर ठेवायचा आणि खाली मान घालून उभा राहायचा. हलगीवाला स्टेजमागे पाचटाचा जाळ करून हलगीचं कातडं शेकून ताणायला बसायचा. कॅसिओवाला सरळ चहाला जायचा. दाजी सोमाच्या आजोळापर्यंत पोचले की हलगी तापलेली असे, सोमाच्या सासरवाडीला चहा संपलेला असे, आणि "तर मंडळी" म्हणेपर्यंत पत्ती ओली झालेली असे.

अशात एक दिवस पुण्याचे एक गृहस्थ भीमाशंकरचं दर्शन करून परतताना मंचरला थांबले. गाडी पंक्चर झाली होती. 'आजची ओळख' वाचून आत आले आणि सापडले. ते पुण्यात नव्या बँडचे कार्यक्रम भरवायचे. छोटं सभागृह, खुर्च्या, तिकीट काढून येणारी माणसं. खुर्च्या हा शब्द ऐकल्यावर दाजींनी त्यांना सोडलंच नाही. शेवटी पाहुणे म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नाशिकला चाललोय. कळंबच्या अलीकडे तुमच्या गावची यात्रा आहे म्हणता, तर वाटेत पाच-दहा मिनिटं थांबून ऐकतो. त्याहून जास्त मात्र जमणार नाही."

पाच-दहा मिनिटं! दाजींना नुसतं "सन्माननीय व्यासपीठ" म्हणायला तेवढी लागत. ताई माझी शहाणी. तिने त्या रात्री भाकरी वाढता वाढता सांगितलं, "अवं, त्या सोमाचं भलं व्हावं वाटतंय ना? मंग दोन वाक्यं बोलायची आन खाली उतरायचं. न्हाईतर माइक धरायचा न्हाई." दाजींचा घास हातातच राहिला. "दोन? तो काय पॉप हाय व्हय?" ताई म्हणाली, "काय का आसंना. दोन."

आठवडाभर माणसाने ती दोन वाक्यं घोकली. गिऱ्हाइकाशी बोलेनात, पाटी कोरी. यात्रेच्या दिवशी बैलगाड्यांची बक्षिसं वाटून झाली, तमाशावाल्यांच्या ट्रंका लागायच्या आत स्टेज मोकळं मिळालं. पुण्याचे पाहुणे पुढच्या खुर्चीवर, हातात गाडीची किल्ली. दाजी माइकपाशी गेले. गळ्याचं बटण चाचपलं. म्हणाले, "ह्यो सोमा. ऐका त्याला." आणि खाली उतरले!

गावाला काही कळेना. दाजींचं संपलं, यावर कुणाचा विश्वास बसेना. लोक पुढचं ऐकायला माना वर करून बसले. आणि स्टेजवर? स्टेजवर सोमा एकटा, पत्ती कोरडी ठाक. हलगीवाला मागे जाळ पेटवत होता. कॅसिओवाल्याने नुकती भजी सांगितली होती. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. सोमाने एकदा दाजींकडे पाहिलं आणि तशीच कोरडी पत्ती क्लॅरिनेटला लावून फुंकली. पहिला सूर चिरकला, दुसराही चिरकला. तिसरा मात्र कुठून आला देव जाणे, हळूच, खरखरत, डोंगरातून कुणी हाक मारावी तसा. तेवढ्यात मागच्या जाळाजवळून हलगीचा एक ठोका पडला. गड्याने धावत येता येताच वाजवायला सुरुवात केली होती. सोमा भलतीकडे निघून गेला, हलगी त्याच्या मागे, आणि शेवटी कॅसिओवाला तेलकट बोटं चड्डीला पुसत येऊन दोघांना सामील झाला. पाहुणे किल्ली खिशात घालून मागे रेलले. गाव बसून राहिलं. तमाशावालेसुद्धा ट्रंकांवर बसले.

"काय सुंदर कल्पना आहे!" पाहुणे नंतर म्हणाले. "एकेकाने येत जायचं! आणि निवेदनही किती नेमकं. पुण्याला या. निवेदनाची काळजी नको, आमच्याकडे एक बाई आहेत."

मला वाटलं, दाजी आनंदाने नाचतील. ते सगळ्यांना पेढे वाटून दुकानात येऊन बसले आणि मला म्हणाले, "पावणं, एक इचारू? दोन वाक्यात जमलं. मंग इतकी वर्सं मी फुकटच बोललो का वो?"

पुण्याला ते गेलेच नाहीत. ताईने सांगून पाहिलं, सोमा येऊन पायरीवर बसून राहिला. दाजींचं एकच, "तिथं बाई हाय. माझं काय काम?" कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी मंचरलाच होतो. दाजी फळीवरच्या कॅसेटी उगीच पुसत होते. एकच कॅसेट इतक्यांदा पुसली की तिच्यावरचं नाव उडालं. एवढ्यात दुकानातला फोन वाजला. मी उचलला. पलीकडून सोमाचा आवाज, कापरा. "दाजी हायेत का?"

मी रिसीव्हर दाजींच्या कानाला लावला. सोमा एवढ्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. "दाजी, बाईचं बोलून झालं. मानसं बसल्यात वो, समदी बसून बगत्यात. मी आत फोनपाशी आलोय. पत्ती वली व्हईना. थुकीच न्हाई तोंडात." आणि मग, "तुमी बोला की."

दाजी उठून उभे राहिले. बसून ओळख करून देणं त्यांना कधी जमलंच नाही. गळ्याचं बटण लावलेलंच होतं, तरी चाचपलं. आणि रस्त्याकडे तोंड करून, खणखणीत आवाजात, "सन्माननीय व्यासपीठ!" कांद्याच्या वखारीतले हमाल बाहेर आले. दाजींनी सोमाचं गाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, आईने भात लावताना म्हटलेली गाणी सांगितली, आजोळ सांगितलं, सासरवाडी सांगितली, धाकटा भाऊ खाचरं बघतो म्हणून याला सवड मिळते हे सांगितलं, आणि आजवर हा माणूस चालत वाजवत आला, आज पहिल्यांदा तिकीट काढून बसलेल्या माणसांपुढे वाजवणार आहे, हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. तिकडे पुण्याचं अख्खं सभागृह ताटकळत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. बसू देत. खुर्च्या होत्या ना!

"तर मंडळी," दाजी म्हणाले आणि थांबले.

पलीकडून रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, पावलं दूर गेली, आणि मग लांबून क्लॅरिनेटचा पहिला सूर आला, ओला, स्वच्छ, कुठेही न चिरकलेला. तेवढा एकच. कारण तिकडे कुणीतरी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला.

सोमा आता लांब लांब जातो. दाजींचं दुकान बंद झालं, कॅसेट कोण घेतो आता! पण ताईकडे मोबाइल आहे, आणि संध्याकाळी कधी तो वाजला की ताई भाजीचा हात पुसत तो दाजींकडे देते आणि टीव्हीचा आवाज बंद करते. दाजी खाटेवरून उठून उभे राहतात. सगळं सांगतात, आजोळासकट. मग पहिला सूर येतो आणि फोन बंद होतो. पुढचं सगळं खुर्च्यांवरच्या लोकांचं. मागच्या खेपेला मी तिथे होतो. फोन कट झाल्यावरही दाजी तो कानाला धरून बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, "वली झाली व्हती पत्ती. ऐकलंत ना, पावणं?"

"ऐकलं, दाजी," मी म्हणालो.