घरची बाई

नवरात्रात गावी जायचं म्हटलं की मला आधी पिशवीत शर्ट-पँट भरावी लागायची. नागपुरात मी साडी नेसते, ब्लाऊज शिवते, गिऱ्हाइकं मला ताई म्हणतात. पण आसगावजवळच्या आमच्या गावात मी आईचा एकुलता एक मुलगा. पवनीच्या स्टँडवर उतरायचं, स्वच्छतागृहात साडी सोडून शर्ट-पँट चढवायची आणि मगच गावचा ऑटो धरायचा, हा माझा नेमच होऊन बसला होता. गावाने मला नावं ठेवण्यात कधी कंजुषी केली नाही. आधी बायल्या होते, मग छक्का झाले. आता बातम्या पाहणारी मंडळी तृतीयपंथी म्हणतात, कॉलेजातल्या पोरी ट्रान्स. शब्द सुधारले, याचं मला बरंच वाटतं. पण आईजवळ माझ्यासाठी ‘बाबू’ हा एकच शब्द होता आणि तो इतक्या मायेचा होता की सर्वांत जास्त तोच लागायचा.

यंदा आईला नवस फेडायचा होता. ऑपरेशननंतर तिची नजर परत आली, त्यासाठी तिने गावदेवी मातामायला घट बोलला होता. आमच्याकडे नवसाचा घट, त्यात उगवलेल्या गव्हाच्या जवाऱ्यांसकट, घरच्याच बाईने डोक्यावरून तळ्यापर्यंत न्यायचा असतो. एकदा उचलला की वाटेत भुईला टेकवायचा नाही. घरात बाई म्हणजे आई, आणि तिचे गुडघे तर अंगण ओलांडतानाही कुरकुरतात. नवस अर्धा राहिला तर देवीला तोंड कसं दाखवू, म्हणून ती फोनवर रडली. मी मनात मातामायला म्हटलं, आता तूच बघ, माझी अक्कल संपली.

पवनीला उतरले तर स्वच्छतागृहाला हे मोठं कुलूप. किल्ली कोणाकडे, कोणालाच ठाऊक नाही. ऑटोवाला हाका मारत होता. शर्ट पिशवीतच राहिला आणि मी साडीनिशी गावात उतरले.

तोवर मिरवणूक निघाली होती. डफड्यांच्या तालावर बायका गात होत्या आणि आई हट्टाने घट घेऊन चालली होती. मी पिंपळाच्या आड उभी राहिले. तळ्याच्या वळणावर तिचा पाय मुरगळला, घट कलला, तशी मी सगळं विसरून धावले. तिच्या बाजूने चालणाऱ्या एका अनोळखी म्हातारीने घट वरच्यावर झेलला होता.

“घरची दुसरी बाई कोण हाये?” तिने विचारलं. “लवकर सांगा, खाली ठेवता येत नाही.”

डफडी थांबली. सगळा गाव माझ्या साडीकडे पाहत होता. पुजाऱ्याने घसा खाकरला, पण घट अधांतरी असताना वाद घालायला सवड कोणाला? आईने मला पदरापासून टिकलीपर्यंत पाहिलं.

“माही पोरगी उभी हाये ना,” ती म्हणाली. “तिच्या डोक्यावर द्या.”

पुढची वाट मी कशी चालले, सांगता येत नाही. रडत होते आणि हसतही होते. कुणीतरी माझा पदर खोचून दिला, कुणी आईला धरून आणलं, डफडी पुन्हा सुरू झाली. घट पाण्यात सोडला तेव्हा मी कमरेपर्यंत भिजले होते. प्रसाद द्यायला त्या म्हातारीला शोधलं, तर ती आंधळगावहून कुणाकडे तरी आलेली पाहुणी, एवढंच कळलं. कुणाकडे, ते कुणालाच सांगता येईना. मी फार खोलात गेले नाही. मातामायचे आभार मानायला तेवढं पुरेसं होतं.

मी आजवर देवीजवळ बाईपण कधी मागितलं नाही, ते माझ्याजवळ होतंच. आईला ते दिसावं म्हणून मात्र मी आडून आडून फार युक्त्या लढवल्या आणि सगळ्या फसल्या. ज्या दिवशी माझी एकही युक्ती उरली नाही, त्या दिवशी देवीने आपणहून वाट काढली.

मी तळ्यातून वर येत होते, तोच शेजारच्या काकूंनी डोळे वटारले. “ओल्या लुगड्यानं बाप्या माणसांतून चालली काहून वं? मांगच्या वाटेनं जाय.”

आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुणाची बोलणी खाल्ली नव्हती. मान खाली घालून, सगळ्या बायकांबरोबर, मी मागच्या वाटेने घरी गेले.