वरून टाकलेली ओटी

चोळीचा खण आन् नारळ आजीनं वरूनच टाकला माझ्या पदरात. हात लागू नये म्हणून. नारळ निसटला, फरशीवर गडगडत गेला. दवाखान्यातले सगळे पेशंट बघायले होते.

जिंतूरच्या या खाजगी दवाखान्यात मी डॉक्टरांची मदतनीस. इंजेक्शन, सलाईन, मलमपट्टी, सगळं मीच करायचे. आजीच्या पायाला साखरेच्या आजारानं जखम झाली. घरच्या सुना नाकाला पदर लावायच्या. मी रोज एसटीनं तिच्या गावी जायचे. पाय मांडीवर घ्यायचे, किडे काढायचे, धुवायचे. गोळी द्यायचे, वर पाणी पाजायचे. आजी म्हणायची, "लेकी, तुझ्या हाताला लय गुण हाय. पाय बरा झाला की तुझी ओटी भरीन."

मला आई न्हाई. त्या 'लेकी'साठी मी धावत जायचे, खोटं कशाला सांगू.

मग थोरल्या सुनेनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. जात कळली. दुसऱ्या दिवसापासून पाणी सून पाजायला लागली. पाय तेवढा माझ्याच मांडीवर राहिला.

पाय बरा झाला. आन् त्या दिवशी आजी आन् थोरली सून बोललेली ओटी भरायला दवाखान्यात आल्या होत्या. बोललेलं फेडावं लागतं ना. मी आजीकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं.

डॉक्टर हसले. "मनावर घेऊ नको गं. उचल तो नारळ, मोठं घर आहे." मग हळू आवाजात, "आणि ते नर्सिंगचं खूळ काढ डोक्यातून. मी ठेवीन ना तुला जन्मभर."

जन्मभर. बारावी झाले तवाच मला नर्सिंगला जायचं होतं. तवा डॉक्टरच म्हणाले होते, आधी अनुभव घे, पुढं बघू. माझ्या हाताखाली पट्टी बांधायला शिकलेल्या पोरी कॉलेज करून सिस्टर झाल्या. मी 'ए बाई'च राहिले.

नारळ उचलला न्हाई. पदरातला खण काढून टेबलावर ठेवला. म्हणलं, "आजी, हातात द्यायचं असंल तर द्या. न्हाईतर ही ओटी भरली न्हाई."

कुणी उठलं न्हाई. मी चप्पल घातली, निघाले. बसस्टँडवर लय रडले. नारळासाठी न्हाई. मला लेकी म्हणलेल्या त्या तोंडासाठी.

परभणीच्या नर्सिंग कॉलेजात नाव घातलंय. डॉक्टर म्हणाले, "गेलीस तर परत येऊ नको." येणार न्हाई.

उद्या आजी माझ्या वॉर्डात आली तर जखम धुईन. नीट धुईन. गोळी मात्र माझ्या हातच्या पाण्यानंच घ्यायची. आन् लेकी म्हणायचं न्हाई. सिस्टर म्हणायचं.