भित्रे दाजी आणि आण्णांचा ड्रम

जुन्नर तालुक्यात जेवढी म्हणून भीती आहे ती सगळी आमच्या दाजींनी एकट्याने अंगावर घेतली आहे, आणि म्हणूनच बाकीचे आपण एवढे निर्धास्त हिंडतो, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राजुरीचे. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर बाटल्या पुसल्या, आणि निवृत्त होताना त्या सगळ्या बाटल्यांची भीती तेवढी घरी घेऊन आले. उसात बिबट्या असतो हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण दाजी भर दुपारी बाराला पाण्याची मोटार चालू करायला जातात तेही हातात काठी, गळ्यात शिट्टी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्यांदा बातम्या लावून. "बिबट्याला बातम्या कशाला ऐकवताय?" असं मी एकदा विचारलं. "लई माणसं येत्यात असं वाटलं पायजे त्याला," ते म्हणाले. गॅसचा सिलिंडर बदलायचा असला की घरातल्या सगळ्यांना ते आधी अंगणात काढतात. पुण्याला लेकीकडे सात मजले जिन्याने चढतात आणि वर पोचल्यावर, लिफ्टने आलेल्या आम्हालाच, धापा टाकत विचारतात, "सुखरूप आलात न्हवं?"

आता असल्या माणसाने म्हातारपणी छंद कुठला लावून घ्यावा? तर जुने, पिवळे पडलेले ड्रम पांढरे करण्याचा! गावोगावचे बँड बंद पडले, डीजे आले, आणि वाजवणाऱ्यांचे ड्रम माळ्यावर जाऊन पडले. ऐन तरुणपणी दाजींना बँडमध्ये जायची फार हौस होती म्हणे, पण वरातीतले फटाके आणि नवरदेवाचा घोडा या दोघांपायी ती राहून गेली. ती हौस ते आता ड्रम घासून भागवतात. पण घासतात ते सुद्धा घाबरत. एकेक स्क्रू काढायच्या आधी त्याचा फोटो, मग चिठ्ठी, मग चिठ्ठीचा फोटो. ड्रमवरचा तो मोत्यासारखा चमकणारा पापुद्रा जुन्या सिनेमाच्या फितीच्या जातीचा असतो आणि ठिणगीने पेटतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून घरात ड्रम आला की ताईची शेगडी बंद. दारात पाण्याची बादली, वाळूची बादली, आणि सगळ्यांनी आदल्या दिवशीची भाकरी खायची. "दाजी, एवढं भ्यायचं तर करता कशाला?" असं मी म्हटलं तर म्हणाले, "भाऊ, लावलेला रंग खरवडता येतो. पण हा पिवळेपणा काढताना काय चुकलं तर उलटं फिरवता येत न्हाई. भ्यायचं न्हाई तर काय करायचं?"

मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. पण गरज पडली तेव्हा त्यांच्याच दारात जाऊन उभा राहिलो.

आण्णा, म्हणजे माझे वडील, डिंगोऱ्याच्या आमच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवायचे. ऐन भरात असताना त्यांची काठी दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. गेल्या दोन वर्षांत त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. ड्रम मात्र डोक्यात पक्का! रोज सकाळी चहा झाला की विचारायचे, "माझा ड्रम कुठंय?" मी आणून समोर ठेवायचो. तो इतक्या वर्षांत पिकल्या पपईसारखा पिवळा झालेला. आण्णा त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ह्यो माझा न्हाई. माझा पांढरा व्हता. तू इकलास." रोज! आल्या-गेल्या पाव्हण्यासमोर सुद्धा: "ह्या पोरानं माझा ड्रम इकला बघा." पन्नाशीला आलेला मी, आणि बाप मला चोर म्हणतो. हसण्यावारी न्यायचो, पण खरं सांगतो, गोठ्यात जाऊन रडायचो. मला एकच धास्ती पडली होती, की आण्णा जातील तेव्हा हाच हिशेब मनात धरून जातील. म्हणून ड्रम गाडीत घातला आणि राजुरी गाठली.

दाजींनी ऐकून घेतलं, ड्रम तीनदा फिरवून बघितला आणि म्हणाले, "आन समजा पांढरा झाला, आन तरीबी आण्णा न्हाई म्हणले, तर?"

"दाजी, शुभ बोला की राव!" मी ओरडलोच. कारण तीच भीती माझ्याही पोटात होती, आणि ती त्यांनी अशी अंगणात आणून मांडायला नको होती.

पहिल्याच दिवशी आक्रीत झालं. दाजींनी साबणाच्या पाण्यात कापड बुडवून ड्रमच्या कडेवरून हलकेच फिरवलं, आणि पिवळ्याचं झालं लाल! चक्क लाल ओघळ दाजींच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. दाजी मटकन खाली बसले. मग मला आठवलं, खंडोबाच्या जत्रेत आण्णा वाजवायचे आणि वरून भंडारा उधळलेला असायचा. ती सगळी हळद कडेच्या फटींत जाऊन बसली होती. "देवाचा भंडारा पुसला आपण," दाजी म्हणाले, आणि दोन्ही हात जोडले. तेवढ्यात मलाही अंगणात ऊन असून थंडी वाजायला लागली. दोन बाप्ये ड्रमसमोर हात जोडून बसलेत हे बघून ताई बाहेर आली. "अवं, हळद हाय ती. साबण लागला की लालच व्हती. जन्मात एकदा तरी कापडं धुतली असती तर कळलं असतं!" असं म्हणून ती हसत हसत आत गेली. तरी दाजींनी ते पाणी गटारात जाऊ दिलं नाही. बादलीभर नेऊन नारळाच्या बुंध्याशी ओतलं आणि वर नारळाचीही माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रमच्या अंगावरच्या चकचकीत लोखंडी पट्ट्या सोडवल्या. पहिली पट्टी निघाली आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. पट्टीखाली ऊन-वारा कधी लागलाच नव्हता. तिथे बोटभर जागा पांढरीशुभ्र होती, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी. म्हणजे आण्णा रोज खरंच सांगत होते. त्यांचा ड्रम पांढराच होता, आणि मी रोज त्यांना दुसरंच काहीतरी दाखवून "हाच तुमचा" म्हणत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली. दाजी म्हणाले, "इथवर न्यायचं. ह्याच्या म्होरं एक केसभर न्हाई."

केस रंगवायच्या पार्लरमध्ये एक पांढरी क्रीम वापरतात, तीच इथे लागते. ती आणायला दाजी मंचरला गेले होते. आळेफाट्याला मिळते की, पण तिथे ओळखीची माणसं भेटतात, आणि टक्कल पडलेल्या माणसाने ही क्रीम मागितली तर गावात काय बोलतील याची त्यांना भीती! क्रीम फासली, वरून पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि ड्रम गच्चीवर उन्हात ठेवला. मग खरं भ्यायला सुरुवात झाली. दर पंधरा मिनिटांनी मोबाईलचा गजर, आणि दर गजराला ड्रम चार बोटं फिरवायचा, नाहीतर पट्टे उमटतात. क्रीम वाळली तरी डाग, जास्त राहिली तरी डाग. ढग आला की दाजी वर बघून पुटपुटायचे, ढग गेला की ऊन फार झालं म्हणून पुटपुटायचे. तीन दिवस हा माणूस गच्चीवर छत्री घेऊन बसला. जेवायला खाली आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी प्लास्टिक काढून धुतलं, आणि पट्टीखालचा पांढरा कुठला नि बाहेरचा कुठला ते मला सांगता येईना. मी दाजींना मिठी मारली तर म्हणाले, "हळू. त्यो पडंल."

डिंगोऱ्याला आलो तेव्हा दाजी गाडीतून उतरेनात. "तू जा. मला न्हाई बघवायचं." मी एकटाच आत गेलो आणि ड्रम आण्णांच्या समोर ठेवला. आण्णांनी बघितलं, तळहात फिरवला, दोन बोटांनी टकटक केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो माझा. कुठं घावला रं तुला?" मी बाहेर धावलो. दाजी डॅशबोर्डवर डोकं ठेवून बसले होते. सांगितलं तर म्हणाले, "नक्की म्हणले? परत इचार एकदा." आणि मग गाडीतच हमसून हमसून रडले.

पण विसर पडलेल्या माणसाला एकदा दाखवून भागत नाही. आण्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. मग मी ड्रमवरचं कापड काढतो, आणि ते म्हणतात, "ह्यो माझा." पहिल्यांदा सापडल्यासारखा आनंद, रोज. साडेआठला दाजींचा फोन येतो. "म्हणले का?" "म्हणले." "बरं झालं." एवढं बोलून ते ठेवतात. सात महिने झाले, एक दिवस चुकला नाही.

आज सकाळी आण्णांनी ड्रम मागितलाच नाही. मीच आणून ठेवला, कापड काढलं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. माझा म्हणाले नाहीत, माझा नाही असंही म्हणाले नाहीत. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"म्हणले का?"

"म्हणले," मी सांगितलं.

दाजींनी फोन ठेवला नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "भिऊ नको, भाऊ. उद्या परत दाखव त्यांना." मी हो म्हणालो. इतक्या वर्षांत दाजींनी कुणाला "भिऊ नको" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.